सगळ्या पाट्यांचा खुशालराव

अमरावतीच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची लांब रांग लागली होती. पुढच्या गाडीवरचे दोघे बोलत होते आणि मागच्या गाडीच्या धुरेवर बसलेली दुर्गाबाई ऐकत होती.

“खुशालराव, उद्या तिवसेकरांसंग आट्यापाट्या हाये. तुमी कोनती पाटी धरता?”

“कोनतीबी द्या, वामनराव. पयली, मधली, शेवटची.”

“अन् साऱ्या पाट्या कापणारी उभी सूरपाटी?”

“थे तं झोपेतबी धरतो! माह्या पाटीवरून आजलोक कोनी पार नाई गेला.”

“काहीबी! उतरून दाखवा बरं.”

दोघंही उतरले. खुशालरावांनी गाडीच्या बाजूला धुळीत लांब रेघ ओढली आणि हात पसरून तिच्यावर नाचायला लागले. तेवढ्यात रांग पुढे सरकली. दुर्गाबाईनं बैल हळूच बाजूनं हाकले.

“खुशालराव, आपल्या म्होरं गाडी गेली न!”

“आँ? कुठून गेली?”

“तुमच्याच पाटीवरून, भाऊ,” दुर्गाबाई वळून म्हणाली.