ख्वाजामियाँच्या मोटारीतल्या लेकी

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय काकासाहेब, व्यासपीठावरील वडीलधारी मंडळी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सरकारी मोटारीचे चालक ख्वाजामियाँ, त्यांच्या पत्नी अकबरबी आणि तीर्थपुरीच्या माझ्या बंधुभगिनींनो,

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. दारात ना बैलगाडी, ना टांगा. अंबडची शाळा आणि पुढे औरंगाबादचं कॉलेज मला दिसलं ते मोटारीच्या खिडकीतून. आज अंबडला शिकवायला जाते, तीही याच मोटारीने.

अध्यक्षांची परवानगी असेल तर ख्वाजाचाचांची एक गोष्ट सांगते. अकबरबी, हसलात तरी चालेल. मोटार नुकतीच सुरू झाली होती. आपल्या सगुणाबाईंना सासरहून माहेरी आणायचं होतं आणि मुऱ्हाळी म्हणून जाणारा भाऊच तापाने पडला. तो चाचांना म्हणाला, "तेवढं बहिणीला बसवून आणा." तिकडे मोटार थांबली, सगुणाबाई काही येईनात. शेवटी चाचा स्वतःच घरी बोलवायला गेले. सासूबाईंना वाटलं, हाच मुऱ्हाळी! त्याला जेवू घातल्याशिवाय सून धाडायची कशी? त्यांनी पाट मांडला.

"अम्मा, मोटार खडी है. लोकं बसून राह्यले."

"बसू द्या की. नाव काय तुमचं?"

"ख्वाजामियाँ."

वाढता हात थांबला. क्षणभरच.

"मंग? बहिणीला न्यायला आलाव न्हवं? जेवा."

बाहेर कोणीतरी भोंगा वाजवत होतं. चाचा जेवले, आणि सगुणाबाई पुढच्या बाकावर बसून माहेरी आल्या.

तेव्हापासून आपल्या लेकीबाळी या मोटारीत एकट्या बसू लागल्या. उमा आणि कमरुन्निसा रोज अंबडच्या शाळेत जाऊ लागल्या. पण चाचा निवृत्त होणार हे कळलं आणि उमाचे वडील धर्मराजदादा मला म्हणाले, "आता पोरगी कोणाच्या भरवशावर धाडू? बस झाली शाळा."

दादा, तुम्ही समोरच बसलात, रागावू नका. 'उमा माझ्याशेजारी बसेल' असं मला तेव्हाच म्हणता आलं असतं. मुद्दामच म्हणाले नाही. उद्या माझी बदली झाली, तर तिची शाळा पुन्हा बंद? मोटार आपल्या सर्वांची आहे. एका भल्या माणसाच्या नावावर ती किती दिवस चालवायची? ज्या गावी आपलं ओळखीचं कोणीच नाही, तिथे आपल्या मुलींनी कधी जायचंच नाही का?

मी चाचांना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "बेटी, मी बी एक दिवस नवाच ड्रायव्हर होतो. मला तरी कोण वळखत होतं?"

हे शब्द मी दादांच्या घरी जाऊन सांगितले. आज सभेला येताना दादा वाटेत भेटले. म्हणाले, "उद्या मोटारीपर्यंत येतो. नव्या ड्रायव्हरला राम राम करतो. आत न्हाई बसणार. पोरगी जाईल."

ख्वाजाचाचा, अकबरबी, तुम्हाला गावाच्या वतीने उदंड आयुष्य चिंतिते. मला बोलू दिलंत, याबद्दल अध्यक्षांची आणि आपणा सर्वांची ऋणी आहे. बोलताना काही चुकलं असेल तर लहान समजून पोटात घाला. आणि धर्मराजदादा, तुमचा शब्द न विचारता भर सभेत सांगून टाकला, आता तुम्हाला मागे फिरता येणार नाही, त्याचीही क्षमा असावी.