केबिनमधून दिसलेली भिंत

मी खाली सही करणार, वय ४१ वर्षे, धंदा टॉवर क्रेन चालवणे, राहणार खोली नंबर १४, दुसरा मजला (ही इमारत आता नाही), सध्या मुक्काम बांधकामावरील पत्र्याची शेड. समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की,

मी वरील खोलीत पत्नीसह एकोणीस वर्षांपासून भाड्याने राहत होतो. आम्ही आलो तेव्हा इमारतीच्या मागे मोकळं रान होतं. आता तिन्ही बाजूंना टॉवर आहेत. त्यांपैकी दोन टॉवरवर मी क्रेन चालवलेली आहे. साइटवर मला सगळे 'आभाळ' म्हणतात.

चौथ्या बाजूच्या प्लॉटवर सहा महिन्यांपासून तळघराचा खड्डा खणणं चालू आहे. तिथली क्रेनही माझ्याकडेच आहे. केबिन बावन्न मीटरवर आहे. तिथून आमच्या खोलीची खिडकी दिसते. घराजवळ काम मिळालं म्हणून पत्नी खूश होती.

सुमारे तीन आठवड्यांपूर्वी खड्ड्याकडच्या भिंतीला भेग पडली. आम्ही रहिवाशांनी साइटवरच्या इंजिनिअर साहेबांना सांगितलं. त्यांनी येऊन भेगेवर काचेची पट्टी चिकटवली आणि भेग वाढली की काच फुटते, फुटली तर कळवा म्हणाले. काच चौथ्या दिवशी फुटली. मी कळवलं. त्यांनी दुसरी काच चिकटवली.

घटनेच्या दिवशी सकाळी मी आठ वाजता वर चढलो. पत्नी पॅकिंगच्या कारखान्यात जाते, पण तिची आठवड्याची सुट्टी होती. दहा चाळीसच्या सुमारास मी सळयांचा भारा उचलला असताना खड्ड्याच्या कडेची माती सरकताना दिसली. त्यानंतर आमच्या इमारतीची भिंत खड्ड्याकडे कललेली दिसली. मी वॉकीटॉकीवर सुपरवायझरना सांगितलं. ते म्हणाले, "आधी हातातला माल उतरव, मग बघू."

मी पत्नीला फोन लावला. आमचं बोलणं असं झालं.

"घराबाहेर पड."

"का? दूध ठेवलंय गॅसवर."

"गॅस बंद कर आणि नीघ. भिंत हललीय."

"तुम्हाला वरून सगळंच हलताना दिसतं. तुम्हीच हलत असता तिथे."

मी पुन्हा सांगितल्यावर तिने ऐकलं. फोन चालूच होता. जाताना तिने दारं वाजवली, ते मला ऐकू आलं. बाकी लोक कामावर होते. घरात असलेली सात माणसं तिच्यासोबत रस्त्यावर आली. तिने उन्हासाठी कपाळावर हात आडवा धरून क्रेनकडे पाहिलं. मग म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी वरच राहिल्या हो. गुडघ्यामुळे त्यांना एकटीला उतरता येत नाही. घेऊन येते."

पोलिसांनी विचारल्यावरून सांगतो की, मी तिला "लवकर ये" असं म्हणालो. "जाऊ नकोस" असं म्हणालो नाही.

ती आत गेली. जिन्यात मावशी म्हणत होत्या, "अगं, माझा चष्मा." पत्नी म्हणाली, "राहू दे आता चष्मा, माझा हात धरा." त्यानंतर फोनवर काही ऐकू आलं नाही. इमारत खड्ड्याच्या बाजूला बसली. वर आवाज क्षणभर उशिरा आला. धूळ केबिनपर्यंत आली नाही.

तेव्हा सळया हुकाला लटकत होत्या. भार खाली ठेवल्याशिवाय केबिन सोडायची नाही, असा नियम आहे. मी भार खाली ठेवला आणि शिडीने उतरलो. उतरायला सात मिनिटं लागतात. त्या दिवशी किती लागली ते मी पाहिलं नाही.

खाली अग्निशमन दलाचे जवान आले होते. गल्ली अरुंद असल्याने त्यांची मोठी गाडी आत येत नव्हती. त्यांच्या साहेबांनी विचारलं, "ही क्रेन कोण चालवतं?" मी हात वर केला. बदली चालक दोन तासांच्या अंतरावर राहतो. कोणीतरी त्यांना माझी पत्नी आत असल्याचं सांगितलं. साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "जमेल का दादा?" मी पुन्हा वर चढलो.

मी स्लॅबचे एकूण नऊ तुकडे उचलले. सहाव्यानंतर मावशींना जिन्याच्या कोपऱ्यातून जिवंत बाहेर काढलं. नवव्यानंतर खालच्या माणसाने दोन्ही हात आडवे करून थांबण्याची खूण केली. एवढ्या उंचीवरून माणूस ओळखता येत नाही. साडीचा रंग ओळखता येतो.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना दवाखान्यात भेटलो. त्या म्हणाल्या, "तिने हात सोडला नाही रे. मीच सोडला." माझी मावशींविरुद्ध काही तक्रार नाही. दुसरी काच लावताना मी तिथे हजर होतो, हेही लिहून घ्यावं.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. एका ठिकाणी 'मयत' असं लिहिलं होतं, तिथे 'पत्नी' करायला सांगितलं. त्यांनी खोडून तसं केलं. त्या खाडाखोडीजवळ माझी सही आहे आणि खालीही आहे.