काकांचं मळकं इंजिन

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. शब्दही साधेच आहेत, शाळा लवकर सुटली माझी.

मोहालीत आमच्या शेजारी एअरफोर्समधले कुलकर्णीकाका राहतात. त्यांना वाफेच्या इंजिनांच्या छोट्या मॉडेल्सचा नाद. जुनी मॉडेल्स खेळण्यांसारखी दिसायची, पण परवा आलेल्या वीतभर इंजिनाचे रिव्हेटसुद्धा मोजता येत होते. फक्त ते फार मळलेलं होतं. काका चहा करेपर्यंत मी ते सॅनिटायझरने चकचकीत पुसून ठेवलं.

"अरे, काय केलंस! ती काजळी कारखान्यात हाताने रंगवलेली होती!"

"सॉरी काका, मला खरीच वाटली."

काका खदाखदा हसले. "बनवणाऱ्याला याहून मोठी शाबासकी नाही, यार! आता तूच मळव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ढाब्यावरून तंदूरची काजळी मागून आणली.