नीलाची बॅग आणि भाऊजींचे ब्रेक

अहो, परवा आमच्या दुबईतल्या अल बर्शाच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टचं दार मिटता मिटता एवढंच कानावर आलं, "नीला घर सोडून चालली, नवऱ्याचं त्या..." पुढचं दाराबाहेरच राहिलं. नीला म्हणजे आमची सख्खी शेजारीण. मी थेट तिच्या दारात. बघते तर खरंच बॅग भरलेली!

"अगं, कोण आहे ती?" मी विचारलं.

"कोण काय ताई, त्यांची ती जुनी अमेरिकन गाडी! काल सिग्नलला थांबेचना. समोरच्या बसवर आदळायचंच बाकी होतं. मी तिथेच उतरले आणि मेट्रोने घरी आले. डिस्क ब्रेक बसवायचे म्हणून हे महिनाभर मोबाइलवर नुसते फोटो बघतायत. खलास! ब्रेक बसेपर्यंत मी शारजाला, बहिणीकडे."

म्हणजे कायमची नाही, पण चालली होती खरीच. मी तरातरा आत गेले. म्हटलं, "भाऊजी, बायको निघाली! काहीतरी करा!"

"तिच्यासाठीच तर चाललंय, वहिनी," असं म्हणत भाऊजींनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "तेवढं सांगा, ब्रेकचे कॅलिपर लाल रंगाचे घेऊ की पिवळे?"