बांधावरची वरात

बांधावर नाचणारी वरात तुम्ही कुणी पाहिली आहे का? मी पाहिली आहे.

कॉलेज संपवून मी चौलजवळच्या एका खाडीकाठच्या गावात ग्रामसेवेला गेलो होतो. तिथला खारबांध फुटला आणि गावाने खिंडार चिखलाने बुजवलं. तो चिखल तुडवून घट्ट केला नाही, तर पुनवेच्या उधाणात वाहून जाणार आणि भातशेतीत खारं पाणी शिरणार. मी घरोघर हेच सांगत फिरलो. "व्हय मास्तर, पन आज हळद हाय," म्हणून सगळे लग्नघरी गेले. चिडून मी एकटाच चिखल तुडवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी अख्खी वरात ढोल वाजवत बांधावर आली. दोन्हीकडच्या वऱ्हाडांत नाचाची चढाओढ लागली आणि पायांखाली चिखल दबत गेला. मला भरून आलं. मीही नाचायला घुसलो, तर नवरीच्या आजीने हात धरला.

"मास्तर, तुमी कुनाकडचं? नवऱ्याकडचं का नवरीकडचं?"

"कुणाकडचाच नाही."

"मंग उतरा खाली. उगाच तुमच्यापायी भांडनं व्हतील."

पुनवेचं उधाण आलं आणि बांध हलला नाही. ओहोटीनंतर मी त्यावरच्या वाळलेल्या ठशांत माझी पावलं शोधत होतो. वरातीने तीही तुडवली होती.