लाईट पाहून टाकलेली भाकर

आमच्या मोताळ्याच्या गल्लीत ते नवे लाईट लागले ना, त्याची गंमत ऐका. खाली कोणी नसलं की मिणमिणतात, अन् कोणी चालत आलं की एकामागून एक खांब लख्ख होतात. पहिले अंधारात नालीत पाय जायचा, ते भेव गेलं. पण खरी सोय झाली आमच्या घरच्या बाईची. तिचा नियम असा, का भाकर तव्यावरून सरळ ताटात. खिडकीतून टोकाचा खांब लख्ख झालेला दिसला का ती समजते, हे आले, अन् भाकर टाकते.

परवा मी पानठेल्यावर गप्पा हाणत बसलो. घरी पोचलो तं गॅस बंद, ताट रिकामं, अन् दारात गल्लीतला कुत्रा तोंड चाटून राह्यला.

"काऊन वं, माही भाकर?"

"लाईट वाढले, म्हणून टाकली. दारात पाह्यलं तं हा उभा."

"मंग माही भाकर त्याले देऊन टाकली?"

"हाव. तो तुमच्यासारखा पानठेल्यावर नाही थांबत. सरळ घरी येते."