नळाला लावलेली धामण

हार्डवेअरच्या दुकानात शिंपी रांगेत उभा होता. हातात नवी जाड काठी. परसातली धामण आज ठेचायचीच, या रागाने तो घरून निघाला होता. तिने त्याचं काही बिघडवलं नव्हतं, फक्त दिसली होती. त्याच्या पुढे दोघी जावा बोलत होत्या.

“जाऊबाई, आणखी एक पाइप? मागच्या महिन्यातच नेलात की!”

“मामंजींची कृपा. चष्मा न लावता परसात गेले, पाइप समजून धामण उचलली आणि तिची शेपूट नळाला बसवायला लागले.”

“अगं बाई! आणि म्हणे चाळीस वर्षं प्लंबर!”

“वर मलाच ओरडतात, ‘हा कसला माल आणलास? तोटीवर बसतच नाही!’”

“चावली नाही?”

“ती कसली चावते! जीव घेऊन पेरूवर चढली. मामंजी खाली उभे, हात जोडून. ‘ताई, चुकलं माझं.’”

“मग भाऊजींनी मारली असेल.”

“काठी घेऊन धावले होते. मामंजी आडवे आले. ‘बिनविषारी जीव आहे. मी शेपूट पिरगाळली तरी गप्प राहिली. तू चहा गार मिळाला तरी फणा काढतोस, तुला कोणी ठेचलं का?’”

“शाब्बास! पण पाइप कशाला?”

“आधीचा तिच्याच रंगाचा आहे ना! म्हणाले, ‘लालभडक आण. पुन्हा चूक नको, बिचारी घाबरते.’”

दोघी हसत बाहेर पडल्या.

“मास्तर, काठीच ना?” दुकानदाराने विचारलं.

शिंप्याने काठी कोपऱ्यात ठेवून दिली.

“लाल पाइप आहे का अजून?”